अज्ञान नावाचा आजार

गेल्या महिन्यात एकच रील मला सात जणांनी पाठवली. मागे बासरी, पडद्यावर दाढीवाले ऋषी, त्यांच्या हातात बारीक सळई आणि वर मोठ्या अक्षरांत : जगातलं पहिलं मोतीबिंदूचं ऑपरेशन भारतात झालं! खाली कमेंटमध्ये तिरंग्यांची रांग. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढते, मोतीबिंदू दिसला तर पुढे पाठवते. त्यामुळे डोळ्याचं काहीही दिसलं की ओळखीच्यांना माझी आठवण होते.

मला मात्र ती रील बघताना एक जुनी स्लाईड आठवली. शिकत असताना समाजातल्या अंधत्वावर एक तास असायचा. त्या दिवशी विषय होता पश्चिम आफ्रिका. स्लाईडवर फोटो : अंगणात जमिनीवर बसलेला म्हातारा, आणि त्याच्या डोळ्याशी सुई घेऊन वाकलेला एक माणूस. मथळा होता ‘उपचारांतले अडथळे’, आणि त्याखाली तीन शब्द : अज्ञान, अंधश्रद्धा, भोंदूगिरी. वर्गात कुणीतरी हसलं. मीही हसले असणार, कारण त्या वयात आपण हसतोच.

त्या फोटोतला सुईवाला आणि रीलमधला ऋषी एकच काम करत होते. एकाला आपण आद्य शल्यचिकित्सक म्हणतो, दुसऱ्याला भोंदू. माझं भांडण या दोन शब्दांमधल्या अंतराशी आहे, आणि त्याहून जास्त त्या स्लाईडवरच्या पहिल्या शब्दाशी.

आधी काम काय ते सांगते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होणं. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागातून सुई आत घालायची आणि ते भिंग ढकलून डोळ्याच्या मागच्या पोकळीत पाडायचं. वाट मोकळी होते, उजेड आत शिरतो. याला काउचिंग म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेनं करायच्या ज्या उपचाराचं वर्णन आहे, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच. अरबस्तानात हे चालायचं, युरोपात चालायचं. १७५० साली योहान सेबास्टियन बाखच्या डोळ्यांवर एका इंग्रज डॉक्टरनं दोनदा हाच प्रयोग केला, आणि काही महिन्यांत बाख गेला. भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढायची पद्धत फ्रान्समध्ये जॅक दाव्हिएलनं रूढ केली, तीही त्याच सुमारास.

काउचिंगची गंमत म्हणा किंवा क्रौर्य म्हणा, ते लगेच गुण देतं. वर्षानुवर्षं ज्याला फक्त उजेड-अंधार कळत होता, त्याला सुई निघताच समोरच्याची बोटं मोजता येतात. भिंगच नाही, त्यामुळे जाड चष्म्याशिवाय स्पष्ट असं काही दिसत नाही; पण अंधारातून आलेल्याला धूसर नातूही पुरतो. मग काही दिवसांत, काही आठवड्यांत डोळा लाल होतो, ठणकतो. जंतुसंसर्ग होतो, किंवा आतला दाब वाढून काचबिंदू होतो. तोवर सुईवाला तीन गावं पुढे गेलेला असतो.

हे नायजेरियात, नायजरमध्ये, मालीत, बुर्किना फासोत आजही घडतं. नायजेरियात २००५ ते २००७ या काळात अंधत्वाची देशव्यापी पाहणी झाली. मोतीबिंदूवर काही ना काही इलाज झालेल्या डोळ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त डोळ्यांत सुई गेली होती. आणि सुई गेलेल्या डोळ्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश डोळे आंधळेच होते. म्हणजे सुईवाल्याचं मी समर्थन करते आहे, असं कुणाला वाटत असेल तर हे आकडे परत वाचा.

पण आता स्लाईडवरचा शब्द घ्या. अज्ञान. हे लोक अज्ञानी आहेत म्हणून डोळे गमावतात, असं आपण सहज म्हणून टाकतो. याच लोकांचा, याच भागातला दुसरा एक आजार बघितला की हे विधान टिकत नाही.

त्या आजाराचं औषध तुम्हाला माहीत आहे. आयव्हरमेक्टिन. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, गोवा सरकारनं १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी देण्याची घोषणा केली होती, आठवतं? व्हॉट्सअॅपवर डोसचे तक्ते फिरत होते. अमेरिकेत तिला घोड्यांचं औषध म्हणून हिणवलं जात होतं. नागपूर जिल्ह्यात तर ती हत्तीरोगासाठी घरोघर दिली गेली आहे. पश्चिम आफ्रिकेत या गोळीचा इतिहास मात्र फार वेगळा आहे.

तिथल्या व्होल्टा नदीच्या खोऱ्यात, जिथं पाणी खळाळतं, तिथं सिम्युलियम नावाची बारीक काळी माशी वाढते. ती दिवसा चावते आणि चावताना एका कृमीच्या अळ्या शरीरात सोडते. मोठे झालेले कृमी कातडीखाली गाठी करून दहा-पंधरा वर्षं जगतात आणि लाखो सूक्ष्म पिल्लं सोडत राहतात. ती पिल्लं कातडीत फिरतात, तेव्हा माणूस खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतो. ती डोळ्यांत शिरतात आणि तिथं मरतात, तेव्हा दाह होतो. असं वर्षानुवर्षं झालं की बुबुळ पांढरं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे काही गावांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्मे आंधळे होते. या रोगाचं शास्त्रीय नाव उच्चारायला अवघड म्हणून १९५०च्या सुमारास त्याला ‘नदीचं अंधत्व’ असं सोपं इंग्रजी नाव मिळालं. ते दिलं जीन विल्सन यांनी. त्यांचे पती जॉन विल्सन स्वतः अंध होते. आजच्या घानाच्या उत्तरेकडच्या गावांतून हे दोघं फिरले होते.

लोकांनी काय केलं? ते उठले आणि गेले. सर्वांत सुपीक काळी माती, बारमाही पाणी, सगळं सोडून कोरड्या माळावर जाऊन राहिले. पुढे ही साथ आटोक्यात आली तेव्हा वस्तीला आणि शेतीला पुन्हा मोकळी झालेली जमीन अडीच कोटी हेक्टर भरली. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी हेक्टरांच्या थोडं वर आहे, म्हणजे अंदाज करा. सूक्ष्मदर्शक नसताना, कृमी डोळ्यांना दिसत नसताना, नदीजवळ राहणं आणि दृष्टी जाणं यांचा संबंध ज्यांनी ओळखला आणि त्यासाठी काळी जमीन सोडली, त्यांना अज्ञानी म्हणायला जीभ रेटावी लागते. आपल्यातला कोण बांधावरची एक वीत जमीन सोडतो?

१९७२ साली जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा त्या भागात गेले. १९७४ साली सात देशांत मोहीम सुरू झाली, पुढे ती अकरा देशांत पसरली. हेलिकॉप्टरनं नद्यांवर दर आठवड्याला अळीनाशक फवारायचं. औषध सुरुवातीला तेच, जे आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी पाण्याच्या टाकीत टाकतात : टेमीफॉस, म्हणजे अॅबेट. कृमी माणसाच्या शरीरात दहा-पंधरा वर्षं जगतो, म्हणून माशीला त्याहून जास्त वर्षं दाबून ठेवायचं. हिशेब साधा, पण चिकाटी भयंकर. २००२ पर्यंत हे चाललं. सहा लाख माणसांचं अंधत्व टळलं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मध्येच गोळी आली. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतल्या जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूनं औषध काढलं, ते जनावरांसाठी. १९८१ साली सेनेगलमध्ये डकारला ते माणसांवर पहिल्यांदा तपासलं गेलं. त्यामागे होते मोहम्मद अझीझ, आजच्या बांगलादेशात जन्मलेले डॉक्टर. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. अझीझ तोवर हयात नव्हते, आणि त्यांचं नाव कुणी फॉरवर्ड करत नाही. १९८७ साली मर्क कंपनीनं जाहीर केलं की लागेल तितकं आणि लागेल तितकी वर्षं हे औषध फुकट देऊ. हा शब्द त्यांनी पाळला, हे नाकारायचं कारण नाही.

गोष्ट बहुतेक ठिकाणी इथंच संपवतात. दानशूर कंपनी, फुकट गोळी, वाचलेला आफ्रिका. या गोष्टीचं शिल्पसुद्धा आहे : काठीचं एक टोक धरून पुढे चाललेला मुलगा आणि दुसरं टोक धरून मागून येणारा आंधळा माणूस. वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेच्या मुख्यालयात ते उभं आहे, जिनिव्हात आहे, आणखीही आहे. शिल्प चांगलं आहे. पण त्यात कुणी काही करताना दिसत नाही. दोघंही वाट बघत चाललेत.

खरी अडचण गोळी फुकट झाल्यावर सुरू झाली. ही गोळी मोठ्या कृमीला मारत नाही, फक्त पिल्लांना मारते. म्हणजे वर्षातून एकदा घ्यायची, आणि दहा-पंधरा वर्षं घ्यायची. एकट्यादुकट्यानं घेऊन भागत नाही, अख्ख्या गावानं घ्यायची. ज्याला नीट दिसतं त्यानंही. शिवाय घेतल्यावर पिल्लं मरतात तेव्हा खाज सुटते, अंग सुजतं. सुरुवातीला शहरातून गाड्या यायच्या, त्यांच्या सोयीच्या दिवशी. लोक शेतात असायचे. गाडी परत जायची आणि अहवालात काय लिहिलं जात असेल, ते मी स्लाईडवर वाचलेलंच आहे.

१९९०च्या दशकाच्या मध्यात उलटं करून बघितलं गेलं. गोळ्या कुणी वाटायच्या ते गावानं ठरवायचं. कधी वाटायच्या, पेरणीआधी की सुगीनंतर, घरोघर की चौकात, तेही गावानंच ठरवायचं. सरकारी माणसानं फक्त शिकवायचं आणि गोळ्या पोचवायच्या. आणि अनेक गावांत हे बाहेरच्या पथकापेक्षा चांगलं चाललं. वजनकाटा प्रत्येक गावात कुठून येणार, म्हणून डोस उंचीवर ठरवला. एक काठी, तिच्यावर खुणा. ९० सेंटिमीटरच्या खाली गोळी नाही, त्यावर एक, मग दोन, तीन, सर्वांत उंच माणसाला चार. गरोदर बाईला नाही, फार आजाऱ्याला नाही. गावातलाच एखादा तरुण किंवा एखादी बाई ही काठी भिंतीला टेकवून उभी राहते, एकेकाला उभं करते, वहीत नाव लिहिते, गोळी समोर गिळायला लावते. पुढच्या वर्षी पुन्हा. बहुतेकांना याचे पैसे मिळत नव्हते. स्वयंसेवक म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत, ही युक्ती कशी चालते ते आशाताईंचे मोर्चे बघितलेल्यांना सांगायला नको. या काठीवाल्यांचा पुतळा मी कुठल्या फोटोत पाहिलेला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा देश या रोगाचा प्रसार थांबवलेला आफ्रिकेतला पहिला देश ठरला. जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. दीड वर्षापूर्वीच तिथं लष्करानं सत्ता घेतली होती. १९७६ ते १९८९ फवारणी, २००८ ते २०१९ गोळ्या. त्याही हत्तीरोगासाठी म्हणून वाटलेल्या, ज्यांनी हाही रोग हटवला. तिथले लोक अज्ञानी असते, अंधश्रद्धाळू असते, बाहेरच्या औषधाला घाबरणारे असते, तर गोळी वर्षानुवर्षं कुणी गिळली असती? आणि आपल्याकडे एका लशीसाठी किती समजूत काढावी लागली होती, तेही आठवा.

मग तेच लोक मोतीबिंदूसाठी सुईवाल्याकडे का जातात?

कारण गोळी शेजारी आणून देऊ शकतो, ऑपरेशन शेजारी करू शकत नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा लाख माणसांमागे सरासरी दोन-तीन नेत्रतज्ज्ञ आहेत, तेही बहुतेक राजधानीत आणि मोठ्या शहरांत. दवाखाना म्हणजे एका माणसाचा खर्च नसतो. आंधळ्याला एकट्यानं जाता येत नाही, सोबत एक माणूस हवा, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. दोघांचं भाडं, दोघांचं खाणं, राहायची सोय. सुईवाला स्वतः येतो. त्यांची भाषा बोलतो. अंगणात बसतो. पैसे थोडे आज, थोडे नंतर चालतात. आणि तुमच्यासमोर, दहा मिनिटांत, शेजारच्या म्हाताऱ्याला बोटं मोजायला लावतो. डोळा नंतर गेला तर ते म्हातारपणाच्या खात्यात जातं. या परिस्थितीत सुईवाल्याकडे जाणं हा हिशेब आहे. हिशेब चुकतो, फार वाईट चुकतो. पण चुकलेला हिशेब आणि अज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अज्ञानावर भाषण चालतं. हिशेबावर भाषण चालत नाही, आकडे बदलावे लागतात.

हे मी भारताकडे बघून बोलते आहे. रीलमध्ये पुढचा भाग सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. सुश्रुतानंतर ती सळई संग्रहालयात गेली नाही, गावोगाव फिरत राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट नावाच्या इंग्रज डॉक्टरकडे सुईनं बिघडलेल्या डोळ्यांची रांग लागायची. त्यानं त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, १९१८ साली छापलेलं. पुस्तकाच्या नावातच त्या ऑपरेशनला ‘भारतीय’ म्हटलं आहे. आज आपण नायजेरियाच्या फोटोला हसतो, तसा तेव्हा लंडनमध्ये आपला फोटो चालत होता.

आपल्याकडून तो सुईवाला गेला कसा? आपण शहाणे झालो म्हणून? शाळेत शिबिरं भरली म्हणून. १९७६ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९९४ ते २००२ जागतिक बँकेच्या कर्जावर सात राज्यांत मोतीबिंदूची मोहीम चालली, त्यांत महाराष्ट्र होता. १९९२ साली मदुराईत ऑरोलॅबनं डोळ्यात बसवायची भिंगं बनवायला घेतली आणि परदेशी भिंगाची किंमत कोसळली. शिबिराच्या जीपनं म्हातारीला घरून नेलं आणि काळा चष्मा घालून घरी सोडलं. सुईवाल्याचा हिशेब जीपनं मोडला.

पश्चिम आफ्रिकेतही जिथं हे केलं गेलं, तिथं जमलं. गाम्बियानं १९८६ साली राष्ट्रीय नेत्र कार्यक्रम सुरू केला. सर्जन पुरेसे नाहीत, तर परिचारक-परिचारिकांना शिकवा, असं ठरवलं. गावात ‘न्यातेरो’ नेमले. मांडिंका भाषेत याचा अर्थ डोळ्याचा मित्र. खुपऱ्यांमध्ये पापणी आत वळते आणि केस बुबुळाला घासत राहतात. लेकरांकडून आयांना होणारा हा आजार, त्यामुळे बायकांना जास्त आंधळं करणारा. ती पापणी सरळ करायचं छोटं ऑपरेशन शिकलेल्या परिचारिका करू लागल्या. २०१८ साली घानानं, २०२१ साली गाम्बियानं खुपऱ्यांना सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निकालात काढलं. भारताला हे प्रमाणपत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालं. घानानंतर सहा वर्षांनी. यावर रील आली नाही.

एका मुलानं माझ्या कमेंटखाली विचारलं, “ताई, मग त्या सुईवाल्याला पकडायचं नाही का?” पकडा ना. नायजेरियात तसे प्रयत्नही होतात. पण त्याला पकडून ज्या गावातून हलवलं, तिथल्या म्हातारीला दुसऱ्या दिवशी सकाळी कुठली गाडी मिळणार आहे, तेही सांगा. आणि आता ते सांगणं आणखी अवघड झालं आहे. नायजरची बातमी आली त्याच महिन्यात अमेरिकेनं परदेशांना जाणारी मदत गोठवली, जुलैत तर ती देणारी संस्थाच बंद केली. या रोगांच्या गोळ्या गावापर्यंत पोचवायच्या कामात त्या पैशांचा मोठा वाटा होता. गोळी अजूनही फुकट आहे. ती गोदामातून काठीवाल्यापर्यंत नेणारा डिझेलचा खर्च फुकट नाही. उद्या कुठल्या जिल्ह्यात गोळ्या पोचल्या नाहीत आणि नदीकाठी पुन्हा डोळे जाऊ लागले, तर नवी स्लाईड कुणीतरी बनवेल. पहिला शब्द तयारच आहे.

मी पश्चिम आफ्रिकेत कधी गेलेले नाही. माझा अनुभव एका टेबलाएवढा. मागच्या दिवाळीनंतर एक आजी आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, एका डोळ्यात दाब वाढून नजर कायमची गेलेली. मी जरा आवाज चढवूनच म्हणाले, “आजी, इतके दिवस काय करत होतात?”

त्या म्हणाल्या, “कोन आननार ताई? सगळे सोयाबीनमधी गुतलेले.”

आमच्या तपासणीच्या छापील फॉर्मवर एक रकाना आहे : उशिरा येण्याचं कारण. पुढे तीन चौकोन : अज्ञान, भीती, इतर. त्या दिवशी माझा पेन सवयीनं पहिल्या चौकोनाकडे गेला होता. आजींना विचारलं, गाव किती लांब? एकोणतीस किलोमीटर, एसटी दिवसातून एकदा, तीही सकाळची. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे तेवढंच लिहिलं.